गाडी अजून यायची आहे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि पांढुर्णा-सौंसर टॅक्सी मालक-चालक मंडळाचे आधारस्तंभ आदरणीय भगवंतरावजी. नागपूरहून सकाळच्या गाडीनं मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, सीताबर्डीवर मोटरच्या पार्टचं दुकान चालवणारे माझे जुने स्नेही दादाजी. व्यासपीठावरील मान्यवर, मंडळाचे सर्व सभासद, स्टँडवरची माझी सगळी मुलं (मुलं म्हणतो खरा, पण यांतल्या काहींना नातवंडं झाली आहेत), आणि समोर बसलेल्या माझ्या माताभगिनींनो, आपणा सर्वांना यशवंतरावाचा नमस्कार.

सत्काराला उत्तर देणाऱ्यानं थोडक्यात आटपावं, असा शहाण्यांचा नियम आहे. मीही दोनच मिनिटं ठरवून आलो होतो. पण भगवंतरावांनी आत्ता कानात सांगितलं, "भाऊ, गाडी येईपर्यंत बोलत राहा." आता अध्यक्षांची आज्ञा कोण मोडणार? आज सत्कार माझा नाही, तो माझ्या गाडीचा आहे, हे छापील पत्रिकेवरच लिहिलं आहे. पाच लाख किलोमीटर पूर्ण केल्याबद्दल. हार घेऊन मुली बाहेर उन्हात उभ्या आहेत, बँडवाले झाडाखाली बसले आहेत, आणि जिचं कौतुक तीच अजून यायची आहे. चिरंजीव दिलीप तिला घेऊन सौंसरहून इकडे पांढुर्ण्याला निघाला आहे. बरोबर सूनबाई मीना आणि माझी नात. मी सकाळीच बसनं आलो, खुर्च्या-बिर्च्या पाहायला. त्यांनी साडेतीनला पोचावं असं ठरलं होतं. आता किती वाजले? पाचला दहा कमी. असो. लग्नघरची बाई आणि सजवलेली गाडी, दोघींना उशीर व्हायचाच.

तर गाडीविषयी बोलतो.

बासष्ट साली मी नागपूरहून अँबेसिडर आणली. काळी. सौंसरात तेव्हा खासगी मोटर म्हणजे कोणाच्या तरी पाहुण्याची, संध्याकाळी परत जाणारी. माझी राहिली. पहिल्या दिवशी आमच्या आईनं तिला गाईसारखी ओवाळली आणि चाकापाशी पाणी सोडलं. दोन वर्षं मीच चालवली. संत्र्याचे व्यापारी, कापसाचे दलाल, माहेरवाशिणी, आजारी माणसं. सौंसर-पांढुर्णा, सौंसर-छिंदवाडा, सौंसर-नागपूर. मीटर मैलांचं आहे, पाच आकडी. एक लाख झाले की सगळे आकडे पुसून पुन्हा शून्यापासून सुरू होतं. ते तीनदा शून्यावर आलेलं मी पाहिलं आहे, आणि आता त्यावर अकरा हजार आहेत. हिशेब मंडळाच्या सेक्रेटरींनी केला. पाच लाख किलोमीटर. एवढ्यात पृथ्वीला बारा फेऱ्या होतात, असं त्यांनी आपल्या भाषणात सांगितलं. मी तर नागपूर-छिंदवाड्याच्या बाहेर फार गेलो नाही.

लोक मला हसतात, मला ठाऊक आहे. सौंसरात दुसऱ्या कंपनीची गाडी आली, जीप आली, आता ती छोटी नवी गाडी आली आहे, डब्यासारखी. दिलीपनं दोनदा विषय काढला. मी म्हटलं, माझ्या डोळ्यादेखत नाही. मोहगावला एका लग्नात गेलो होतो, परत येताना पाऊस लागला. यजमान म्हणाले, आमच्या गाडीत बसा, सोडतो. गाडी दुसऱ्या कंपनीची होती. मी छत्री मागितली आणि चालत निघालो. घरी पोचलो तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "गाडीशी लग्न लावलं असतं तर बरं झालं असतं."

तुम्ही हसलात, बरं वाटलं. मी स्वतःही हे कितीदा तरी अभिमानानं सांगितलं आहे.

दादाजी साक्षीला आहेत. चोवीस वर्षांत माझ्या गाडीत बाहेरचा पार्ट लागला नाही. जे लागेल ते त्याच कंपनीचं, डब्यावर शिक्का असलेलं. दुसऱ्या कोणाचा खिळाही नाही. दादाजींकडे नसेल तर मी थांबायचो. स्टँडवरची पोरं म्हणायची, भाऊंची गाडी सोवळ्यात आहे.

काय आहे? चिठ्ठी? द्या इकडे. चष्मा लावतो.

सौंसरचा ट्रंककॉल लागला आहे. शेजारच्या वत्सलाबाईंनी उचलला. गाडी दोन वाजताच निघाली म्हणतात. मीनानं निळी साडी नेसली होती आणि पोरगी पुढं बसली होती.

दोन वाजता. रस्ता दीड तासाचा. चहाला थांबले असं धरलं तरी पावणेदोन तास.

सुखदेव मिस्त्री कुठं आहेत? त्यांचाही सत्कार आहे आज, गाडी सांभाळल्याबद्दल. केव्हा? चारलाच? मोटरसायकल घेऊन सौंसरच्या रस्त्यानं गेले? कोणी पाठवलं? कोणीच नाही. बरं.

नाही, पाणी नको. बोलतो मी. बसा भगवंतराव.

गाडीइतकाच मान तिच्या ड्रायव्हरचा, म्हणून मी मंडळाला विनंती केली होती की श्रावणला बोलवा. श्रावण आला आहे. तो काय, शेवटच्या रांगेत, दाराजवळ. पांढरा सदरा घालून. चौसष्ट सालापासून सतरा वर्षं श्रावणनं ही गाडी चालवली. तीन लाखांतले दोन लाख मैल त्याच्या हातचे. इंजिनाच्या आवाजावरून तो सांगायचा, आज पाणी कमी पितेय. आमच्या मुलींच्या लग्नात पाठवणीची गाडी त्यानं चालवली. दिलीपला स्टीअरिंग धरायला त्यानं शिकवलं, मी नाही. शेवटी त्याला एक शाल द्यायची, असं ठरलं आहे.

एक्याऐंशी सालचं सगळ्यांना माहीत आहे. मे महिना, लग्नसराई. मोहगावच्या पुढच्या उतारावर गाडी रस्ता सोडून गेली आणि नाल्यावरच्या रपट्याच्या, त्या बुटक्या पुलाच्या, कठड्याला धडकली. आत पाच जणं होती, भाचीच्या लग्नाला निघालेली. तिघांना लागलं. त्यांतल्या केसरबाई जागीच गेल्या. आदल्या दिवशी वरात होती, श्रावणची झोप झाली नव्हती, त्याला डुलकी लागली, असं ठरलं. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली, लायसन गेलं. आता तो मोहगावला कापसाच्या जिनिंगवर पहारा करतो. आणि मी गाडी पुन्हा उभी केली. लोक म्हणाले, काय मजबूत गाडी आहे, एवढ्या मारातून उठली. मंडळाच्या मानपत्रातही ते वाक्य आहे, आत्ता वाचलं गेलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

पाच वाजून गेले.

दादाजी, तुम्हाला एक गोष्ट आठवते का? त्याच मे महिन्यात मी तुम्हाला दुकानावर फोन केला होता. स्टीअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणारा जो लोखंडी दांडा असतो, त्याचं टोक झिजलं होतं. सुखदेव मिस्त्रींनी काढून माझ्या हातावर ठेवलं. तुम्ही म्हणालात, "यशवंतराव, ओरिजिनल आठ दिवसांनी येईल. लोकल आहे, चांगला आहे, आजच बसमध्ये ठेवून देतो." आठवतं ना? मान हलवता आहात. मी काय म्हणालो तेही आठवत असेल. माझ्या गाडीत लोकल लागणार नाही.

सुखदेव म्हणाले, "मंग आठ दिवस गाडी उभी ठेवा, भाऊ."

मी म्हटलं, लग्नवाल्यांना शब्द दिला आहे. जुनंच वेल्डिंग करून बसवा.

ते म्हणाले, "याले वेल्डिंग नाही धरत. लोकल टाका, पण नवा टाका. मी हात जोडून सांगून राहिलो."

सुखदेवांनी मला कधी हात जोडले नव्हते. त्या दिवशी जोडले. मी म्हटलं, जमत नसेल तर दुसरा मिस्त्री पाहतो. मग त्यांनी वेल्डिंग केलं. 

हे मी का सांगतो आहे, मला माहीत नाही. मला कोणी विचारलं नव्हतं. गाडी येईपर्यंत बोला म्हणाले, म्हणून बोलतो आहे. दार उघडंच राहू द्या हो, लावू नका. रस्ता दिसतो.

निघायच्या दिवशी सकाळी श्रावण अंगणात आला. चपला काढून पायरीखाली उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, स्टीअरिंग डाव्या अंगाले ओढून राहिली. मले बरं नाही वाटून राहिलं."

मी पेपर वाचत होतो. म्हटलं, सतरा वर्षं चालवून राहिला, आता भीती वाटते का?

त्यानं चपला घातल्या आणि गेला.

त्या दिवसानंतर मी फार वेळा त्या पायरीकडे पाहिलं आहे. आणि तरी काल पुन्हा तेच केलं.

हो. काल. सांगतोच आता.

काल दुपारी सुखदेवांनी गाडी शेवटची धुऊन-पुसून तपासली, आजच्या कार्यक्रमासाठी. मला गाडीखाली बोलावलं. या वयात मी वाकलो. बॅटरीचा उजेड पाडून त्यांनी दाखवलं. पुढच्या डाव्या चाकाला धरून ठेवणारं जे लोखंड आहे, त्याला तडा. केसाएवढा. ते म्हणाले, "भाऊ, हिले आता रस्त्यावर काढू नका. ट्रकवर टाकून नेऊ पांढुर्ण्याले. लोक काय, हारच घालतीन."

ट्रकवर टाकून. विचार करा. पाच लाख किलोमीटरचा सत्कार आणि गाडी यायची ट्रकवर लादून, मेलेल्या बैलासारखी. स्टँडवर लोक काय म्हणतील? मी म्हटलं, चाळीस किलोमीटरचा प्रश्न आहे. चोवीस वर्षांत तिनं मला दगा दिला नाही. उद्याचा एक दिवस जाऊ द्या, परवा पाहू.

सुखदेव म्हणाले, "दिलीपभाऊले सांगू का?"

मी म्हटलं, त्याला नका सांगू. तो घाबरेल आणि गाडी घाबरून चालवेल.

दिलीपला माहीत नाही. मीनाला माहीत नाही. सकाळी निघताना नात म्हणाली, आजोबा, मी पुढं बसणार. मी म्हटलं, बस.

म्हणून सुखदेव न सांगता मोटरसायकल काढून गेले. आता कळलं तुम्हाला. मला मघाशीच कळलं होतं, चिठ्ठी वाचली तेव्हा. पण तोंडावर आणलं नाही. माणूस व्यासपीठावर असला की चेहरा सांभाळतो.

भगवंतराव, मला खाली बसवू नका. मी उभा आहे तेच बरं आहे. बसलो तर उठता येणार नाही. आपण सगळे वाट पाहू. इथल्या जिनिंगची पाचची पाळी सुटली वाटतं, गाड्या येऊ लागल्या रस्त्यानं. बैलगाड्याच आहेत. कापसाच्या.

ती मोटरसायकल आहे का? बघा हो कोणी. मला इतक्या लांबचं दिसत नाही.

मागं कोण बसलंय?

दिलीप. दिलीपच आहे. सरका, येऊ द्या त्याला. अरे, सदऱ्याला रक्त कशाचं? कुठं लागलं तुले? मीना कुठं आहे? पोरगी कुठं आहे?

इथं ये. वर ये, पायरी चढून ये. हा माइक असू दे, ऐकू दे त्यांनाही.

मंडळी, दिलीप सांगतो आहे ते मी आपल्याला सांगतो, त्याचा आवाज पोचत नाही. पोरगी चांगली आहे. तिला ओरखडाही नाही. मीनाच्या कपाळाला लागलं, टाके पडले, दोघी मोहगावच्या इस्पितळात आहेत, तिथले लोक सोबत आहेत. रक्त मीनाचं आहे. उतारावर समोर कापसाच्या गाड्यांची रांग होती, म्हणून हा अगदी हळू होता. डावं चाक आत दुमडलं आणि गाडी तोंडावर बसली. फरफटत गेली ती नाल्याच्या काठावर थांबली. हळू नसता तर...

काय म्हणतोस?

पुन्हा म्हण.

तो म्हणतो, "बाबूजी, मी झोपलो नव्हतो. तिथं जमलेला जो तो मले विचारून राहिला होता, डुलकी लागली का. खरंच नव्हती लागली, बाबूजी. स्टीअरिंग हातात फिरत राहिली, चाक काही फिरलं नाही."

टाळ्या नका वाजवू. कृपा करून नका वाजवू. पोरं वाचली, मोठी गोष्ट झाली, देवाची कृपा झाली, सगळं खरं. दादाजी, तुम्ही उठू नका. बँडवाल्यांना कोणीतरी सांगा, थांबा म्हणून. दिलीप, तू इथं खुर्चीवर बस. पाणी पी. दोन मिनिटांत निघू इस्पितळात. माझं बोलणं संपलं नाही.

आत्ता मला गप्प बसता आलं असतं. नात वाचली, गाडी गेली, लोक म्हणाले असते, गाडी म्हातारी झाली होती, यशवंतरावाचं नशीब बलवत्तर. मघाशी जे बोललो ते घाबरलेल्या बापाचं बोलणं म्हणून तुम्ही विसरला असता. म्हणूनच आत्ताच बोलतो, घरी जायच्या आधी.

"स्टीअरिंग हातात फिरत राहिली, चाक फिरलं नाही." हेच वाक्य, शब्दाला शब्द, पाच वर्षांपूर्वी श्रावणनं कोर्टात सांगितलं होतं. मी पुढच्या बाकावर बसलो होतो. वकिलानं विचारलं, गाडीत काही दोष होता का? मी म्हटलं, माझ्या गाडीत दोष नसतो. विचारलं, मग काय झालं असेल? मी म्हटलं, आदल्या दिवशी वरातीत होता, डुलकी लागली असेल. त्यानंतर श्रावणला कोणी काही विचारलं नाही.

श्रावणला डुलकी लागली नव्हती. वेल्डिंग तुटलं होतं. अपघात झाला त्या दुपारी पोलिसांच्या आधी मी तिथं पोचलो. केसरबाईंना झाडाखाली निजवलं होतं, तोंडावर त्यांचाच पदर. मी त्यांच्याजवळ नाही गेलो. मी गाडीखाली शिरलो. तुटलेला दांडा ओढून काढला, धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि घरी आल्यावर बागेतल्या विहिरीत टाकला. समोरचा सगळा भाग चेपला होता, काय नाही ते कोणाला उमगलं नाही. पुढच्या आठवड्यात ओरिजिनल पार्ट आला. शिक्क्याच्या डब्यात. तोच बसवला.

सुखदेवांना मी सांगितलं, तुम्हाला कोणी विचारलं तरच बोला. त्यांना कोणी विचारलं नाही. मिस्त्रीला कोण विचारतो? ते बिचारे आजपर्यंत माझी गाडी दुरुस्त करत राहिले, आणि मी समजत होतो की माझ्यावरच्या प्रेमानं करतात. आता वाटतं, ती पुन्हा कोणाला मारू नये म्हणून ते तिच्यापाशी राहिले.

तुम्ही विचाराल, का? तुरुंगाची भीती? खरं सांगतो, ती मनात आली ती नंतर. आधी मनात आलं ते एवढंच, की लोक म्हणतील, यशवंतरावाची गाडी फसली. गाडीचं नाव खराब होऊ नये म्हणून मी माणसाचं नाव खराब केलं. ज्यानं तिला दोन लाख मैल सांभाळलं त्या माणसाचं. कंपनीचा काही दोष नाही, गाडीचाही नाही. लोखंड झिजतं, झिजल्याचं त्या लोखंडानं सांगितलंही होतं. ऐकायचं नव्हतं ते मला.

सत्कारात दिलेली ही ढाल मी घेऊन जाणार नाही. भगवंतराव, टेबलावर ठेवतो. तिचं काय करायचं ते मंडळानं ठरवावं. उद्या सकाळी मी पोलीस ठाण्यात जाऊन हेच सगळं लिहून देणार आहे. इथं तीनशे माणसं आहेत, त्यामुळे रात्रीतून माझा विचार बदलायची सोय राहिली नाही. विहिरीचा गाळ काढू. दांडा असेल तिथंच.

श्रावण, तुला आज शाल द्यायला बोलावलं होतं. मी बोलावलं होतं. ती कोणत्या तोंडानं देणार होतो, हे मला आत्ता उभ्या उभ्या कळेना.

तो उठला आहे.

त्याच्या वाटेत येऊ नका. हात धरू नका त्याचा. भगवंतराव, त्याला परत बोलावू नका. त्याला जायचं आहे, जाऊ द्या.

गेला.

दिलीप, चल. तुझ्या बायकोपाशी जाऊ. बसनं जाऊ किंवा कोणाच्याही गाडीत, ज्या कंपनीची असेल त्या.

अध्यक्ष महोदय, मंडळानं मला इथं बोलावलं, दादाजी एवढ्या लांबून आले, बाहेर मुली दोन तास हार धरून उभ्या राहिल्या, आणि आपण सगळ्यांनी माझं एवढं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलताना काही वेडंवाकडं गेलं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर आपण मोठ्या मनानं सोडून द्यावं. ती माफी आपल्याकडं मागता येते. दुसरी मागायची आहे ती आपल्याकडं मागून भागणार नाही. त्यासाठी मला मोहगावला जिनिंगच्या फाटकाशी जाऊन उभं राहावं लागेल, आणि तो आत घेईल की नाही हे त्याच्या हातात आहे.

नमस्कार.